रोजकीर्द झाली, खतावणी कोण करणार?



आपल्या बहुतेकींच्या फोनवर माहितीची काही कमतरता नाही. व्रताचा विधी, कांदा-लसूण नसलेल्या भाज्या, चातुर्मासातल्या प्रवचनांच्या वेळा, सगळं ग्रुपवर येतं. तरी पर्व तोंडावर आलं की विचारणा सुरू होते, "गेल्या वर्षीची ती यादी कुणाकडे आहे का गं?" यादी असते, पण सुप्रभातच्या फुलांखाली कुठेतरी गाडलेली असते.

बी.कॉम.ला आम्हाला पहिला धडा होता रोजकीर्दीचा. व्यवहार जसा घडला तसा, तारखेप्रमाणे लिहायचा. पण तेवढ्यावर भागत नाही. त्या नोंदी नंतर खातेवहीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायच्या, ती खतावणी. व्हॉट्सअ‍ॅप ही आपली रोजकीर्द आहे. जे येईल ते तारखेच्या क्रमाने पडत जातं. खतावणी मात्र कुणीच करत नाही, म्हणून हवं तेव्हा हवं ते सापडत नाही. शिवाय या रोजकीर्दीची पानं कायम राहतीलच असंही नाही. ग्रुपमध्ये 'नाहीसे होणारे मेसेज' चालू असले तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी मजकूर आपोआप जातो.

गेल्या काही वर्षांत मी यातली बरीच साधनं वापरून पाहिली. टेलिग्रामच्या चॅनलवर नंतर आलेल्या बाईलाही जुना मजकूर दिसतो, ही मोठी सोय. पण तिथेही क्रम तारखेचाच. विषयवार मांडणी हवी तर ब्लॉगचं सॉफ्टवेअरच बरं. ब्लॉगर १९९९ साली सुरू झालं, पुढे २००३ मध्ये गूगलने घेतलं. वर्डप्रेसही २००३ चंच. ब्लॉगरमध्ये प्रत्येक लेखाला 'लेबल' लावता येतं. मी त्याला खातंच म्हणते. व्रतं एका खात्यात, पापड-सांडगे दुसऱ्या, आजीच्या औषधांचे काढे तिसऱ्या. वर्डप्रेसमध्ये सोयी जास्त, पण नवख्या बाईला बटणंही जास्त वाटतात. सुरुवातीला ब्लॉगर पुरे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही साधनाबाबत मी आधी बघते: आपला मजकूर एकगठ्ठा बाहेर काढता येतो का? गूगलचंच ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं आणि गूगल प्लस २०१९ मध्ये. कंपनीला परवडेना की दुकान बंद. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये सगळ्या लेखांची प्रत उतरवून घेण्याची सोय आहे. दर तीन महिन्यांनी ती प्रत काढून ठेवावी. दुकानदाराच्या वहीत आपला हिशोब असला तरी आपली वही आपल्याकडे असायलाच हवी.

आता छोट्या साधनांबद्दल. हिशोबाची शीट पाहून पुष्कळ जणी बिचकतात. पण ती मुळात आकडेमोड करणाऱ्यांच्याच गरजेतून आलेली आहे. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला, एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुन्हा मांडायचा कंटाळा आला. त्यातून त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क आणलं. आजची गूगल शीट त्याच कुळातली.

आपल्या स्वयंपाकघराचंच उदाहरण घ्या. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७. बाजारातलं कुठलंही ॲप पावसाळा जून ते सप्टेंबर धरेल. आपला ऋतू बदलतो तो आषाढ, कार्तिक आणि फाल्गुनातल्या अष्टाह्निकेला. हे त्या ॲप बनवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? शीटमध्ये तीन रकाने करा. दळण्याची तारीख, चालू ऋतूचे दिवस, आणि दोन्हींची बेरीज. दळल्याचा दिवस धरायचा की नाही ते आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे ठरवा. झालं साधन तयार.

दुसरं सूर्यास्ताचं. ग्रुपवर फिरणारा मुंबईचा तक्ता नागपूरच्या सुनेच्या काय कामाचा? एका रेखांशाला ४ मिनिटं, या हिशोबाने नागपूरचा सूर्यास्त मुंबईच्या सरासरी २५ मिनिटं आधी होतो, ऋतूप्रमाणे थोडा कमी-जास्त. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी दोन घटका जेवण आटपायचा नियम आहे, तिथे ही २५ मिनिटं म्हणजे नियमच मोडला. आपल्या गावच्या पंचांगातल्या वेळा एका रकान्यात भरा आणि पुढच्या रकान्यात ४८ मिनिटं वजा करा. लेकीला लिंक पाठवताना 'फक्त बघण्याचा' हक्क द्या, नाहीतर कुणाचं तरी बोट लागून आकडे बदलायचे.

"मुलं देतात की करून," असं काही जणी म्हणतात. मुलांची मदत जरूर घ्या. हल्ली एआयला मराठीत सांगितलं तरी ते सूत्र लिहून देतं. पण ३, ५, ७ हा हिशोब, अष्टाह्निकेची खूण, घरची रीत, हे सगळं आपल्या डोक्यात आहे. सूत्र कुणीही लिहो, दोन-चार तारखा हाताने मोजून ताळा आपणच करायचा. आणि हे डोक्यातलं कुठेच उतरलं नाही, तर आपल्यामागे सुना-नातींनी विचारायचं कुणाला? ग्रुपमध्ये शोधलं तर फुलंच सापडतील.

पुढच्या अष्टाह्निकेआधी एवढंच करा. ग्रुपवरचे जपून ठेवावेत असे दहा मेसेज निवडा आणि आपल्या पानावर ज्याच्या त्याच्या खात्यात नेऊन ठेवा. पिठाची शीटही त्याच आठवड्यात होईल, अर्ध्या तासाचं काम आहे. निरोप ग्रुपवर जाऊ देत, ठेवा मात्र आपल्या वहीत असू दे.

जय जिनेंद्र!