फुल स्टॅकवाल्याची वकिली

फुल स्टॅक डेव्हलपर म्हटलं की आपल्याकडचे जाणते लोक नाक मुरडतात. पहिला आक्षेप ठरलेला: एक ना धड, भाराभर चिंध्या. दुसरा जास्त बोचरा: तीन माणसांचं काम एकाच्या पगारात उरकायची ही मालकांची युक्ती आहे. तिसरा ताजा: आता कोड यंत्रच लिहितं, मग हा सर्वज्ञ हवा कशाला? भंडाऱ्यात बसून नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या नोकरीची तयारी करणारी पोरं हे तिन्ही ऐकून गोंधळतात. म्हणून एकेकाचा समाचार घेऊ.

पहिला आक्षेप या माणसाला सर्वज्ञ समजतो, आणि तिथंच फसतो. वेबसाइटचे ढोबळ तीन थर. ब्राउझरमध्ये दिसणारा पडदा, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. त्यामागे नियम चालवणारा सर्व्हर. तो नोडमध्ये, जावात, पायथनमध्ये किंवा पीएचपीत लिहिलेला असेल. त्याच्याही खाली मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस. या तिन्ही थरांवर काम करणारा तो फुल स्टॅकवाला. त्याला प्रत्येकातली शेवटची खोली माहीत नसते. एका थरावरून दुसऱ्यावर माहिती जाताना तिचं काय होतं, हे मात्र त्याला कळतं. बहुतेक दुखणी याच सांध्यांत असतात.

समजा, लाखनीकडच्या एखाद्या खरेदी-विक्री संस्थेला धान विक्रीची नोंदणी ऑनलाइन करायची आहे. शेतकऱ्यानं बटण दाबलं, रेंज गेली, त्यानं पुन्हा दाबलं. नोंदी झाल्या दोन. पडदा करणारा म्हणतो, माझं बटण नीट चालतं. सर्व्हरवाला म्हणतो, दोन विनंत्या आल्या, दोन्ही घेतल्या. डेटाबेसवाला म्हणतो, तोच गट क्रमांक त्याच हंगामात दुसऱ्यांदा घ्यायचा नाही, हे मला सांगितलं कुणी? तिघंही खरं बोलताहेत, आणि यादीत नाव दोनदा आहे. तिन्ही थर पाहणारा माणूस एकच निर्णय तीन ठिकाणी उतरवतो: डेटाबेसात अट घालतो, सर्व्हरला दुसरी विनंती पहिलीचीच पुनरावृत्ती म्हणून ओळखायला लावतो आणि पडद्यावर लिहितो, ‘तुमची नोंद आधीच झाली आहे.’

याहून वाईट चूक क्षेत्राची. सातबाऱ्यावर ०.४० लिहिलेलं असतं ते हेक्टरमध्ये, म्हणजे ४० आर. फॉर्म बनवणाऱ्यानं रकाना एकरांचा ठेवला, तर त्याच ०.४० चे उरतात १६ आर. धान किती घ्यायचा याची मर्यादा क्षेत्रावर ठरते. २०२४-२५ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. म्हणजे एका रकान्याच्या घोळात कुणाचा किती तोटा झाला असता, ते ज्यानं त्यानं मांडून पाहावं. ही चूक कोणत्याच थरात दिसत नाही, कारण प्रत्येक थर आपापल्या जागी बरोबर असतो.

सगळे थर एकत्र पाहायला हवेत, हे भंडारा जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको. इथले मालगुजारी तलाव बांधणारे कोहळी समाजाचे लोक पाणी कुठून येणार इथपासून ते शेवटच्या बांधीत कसं पोचणार इथपर्यंतचा विचार एकत्र करत. पाळ, सांडवा आणि पाट ही त्यांच्या लेखी वेगळी कामं नव्हती. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, आणि जायलाच हवी होती. त्या व्यवस्थेतल्या वेठीचं गुणगान मी करणार नाही. पण नंतर मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे आणि मासेमारी सहकारी संस्थांकडे अशी वाटणी झाली. गाळ साचत राहिला. प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं, अख्खा तलाव मात्र कुणाचाच राहिला नाही.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. नोकरीच्या जाहिरातीत वीस तंत्रांची यादी, वर रात्री सर्व्हर बंद पडला तर फोन उचलायची अट, आणि पगार नवशिक्याचा: हे शोषणच, आणि अशा मालकाला उमेदवारानं खुशाल नकार द्यावा. पण सगळ्यांनाच त्या रांगेत बसवणं म्हणजे सब घोडे बारा टक्के. तुमसरच्या राईस मिलला, मोहाडीच्या कोसा विणकरांच्या संस्थेला किंवा एखाद्या पतसंस्थेला पाच तज्ज्ञांचा ताफा परवडत नाही आणि लागतही नाही. त्यांना सोमवारी सांगितलेला बदल शनिवारपर्यंत चालू झालेला हवा असतो. मोठ्या कंपन्यांचा हिशेबही फार वेगळा नाही. काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना जो वेळ वाट पाहण्यात आणि समजावून सांगण्यात जातो, तो तिथं सगळ्यांत महाग पडतो. थोड्या माणसांत केवढं काम होतं पाहा: २०१४ मध्ये फेसबुकनं व्हॉट्सअॅप घेत असल्याचं जाहीर केलं तेव्हा त्याचे वापरकर्ते ४५ कोटी होते आणि कर्मचारी पन्नासच्या आसपास. आणि वेबचा आरंभच पाहा. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्नमध्ये पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर दोन्ही स्वतःच लिहिले. थरांची वाटणी पुढे पसारा वाढल्यावर झाली.

राहिला यंत्राचा मुद्दा. यंत्र कोडचे तुकडे भराभर देतं, हे मान्य. म्हणजे तुकडे वाढले, आणि त्यांच्याबरोबर सांधेही. ०.४० हे हेक्टर की एकर, हे लाखनीच्या शेतकऱ्याला आणि सातबाऱ्याला विचारल्याशिवाय यंत्राला कळणार नाही. आणि कुणीतरी ते विचारायला हवं, हे आधी सुचावं लागतं.

एक अट मात्र मी पोरांवरही घालतो: कोणता तरी एक थर तळापर्यंत शिका. तीन महिन्यांच्या वर्गाचं प्रमाणपत्र घेऊन स्वतःला फुल स्टॅक म्हणवणाऱ्यांमुळेच पहिल्या आक्षेपाला बळ मिळतं. आणि माणूस नेमणाऱ्यांनी मुलाखतीत एवढंच विचारावं: लॉगिनचं बटण दाबल्यापासून नाव पडद्यावर येईपर्यंत काय काय होतं? जो ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत जाऊन परत येईल आणि वाटेत एखाद्या ठिकाणी ‘इथलं मला नक्की माहीत नाही’ असं म्हणेल, त्याला घ्यावं. वीस तंत्रांची नावं पाठ म्हणून दाखवणाऱ्याला ‘कळवतो’ म्हणावं.