पडवीतली मोटरसायकल

आमच्या आक्काचे घर कोरेगाव तालुक्यात आहे. दाजी २०२२ साली वारले, त्या दिवसापासून त्यांची मोटरसायकल पडवीत पत्र्याखाली उभी होती. गाडी २०१३ सालची, शंभर सी.सी.ची. दाजी होते तेव्हा दर रविवारी ती धुऊन-पुसून लख्ख व्हायची. ते गेल्यावर आक्काने तिच्यावर जुनी सतरंजी टाकली आणि किल्ली ट्रंकेत ठेवून दिली. कुणी गाडीचा विषय काढला की ती उठून चुलीकडे जायची. आम्हीही मग गप्प बसायचो.

दोन वर्षांनी भाच्याला कुपवाडच्या एमआयडीसीत काम लागले. त्याने मिरजेत खोली घेतली. दुसरी पाळी रात्री सुटते, तेव्हा बस मिळत नाही आणि रोजची रिक्षा पगाराला परवडत नाही. पोरगा रात्री-अपरात्री चालत येतो हे कळल्यावर आक्काने स्वतःच ट्रंक उघडली. "गंजून जाण्यापरास पोराच्या कामाला यील," एवढेच बोलली.

आम्ही मामा-भाचे गाडी ढकलत मिस्त्रींच्या गॅरेजवर गेलो. मिस्त्री जुने जाणते. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्स कारखान्यात 'प्रिया' स्कूटर तयार होत असे, त्या स्कूटरवर त्यांनी काम शिकलेले. हा कारखाना १९७५ साली स्थापन झाला. 'प्रिया' केव्हाच बंद झाली, पण मिस्त्रींचा हात चालू आहे.

भाचा थेट किक मारायला निघाला. मिस्त्रींनी त्याला थांबवले. दोन वर्षे उभ्या इंजिनात तेल खाली बसते आणि आतली भिंत कोरडी पडून गंजते. तशीच किक मारली तर पिस्टन आणि रिंगा ओरखडतात. म्हणून आधी प्लग काढून त्या भोकातून चमचाभर तेल सोडले आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवले. मग जुने तेल काढून नवे भरले. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केले होते.

टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येत होता. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. ती कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकते. जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे असते. ते साफ करायला तार घालू नये, भोक मोठे होते आणि गाडी कायम जास्त पेट्रोल पिते. हवेचा झोत मारूनच ते मोकळे करावे. टाकी धुतली तेव्हा तांबूस गंज निघाला.

हे सारे झाल्यावर चौथ्या किकला गाडी चालू झाली. भाच्याचा चेहरा फुलला. त्याच संध्याकाळी कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा करत सांगली गाठायचा त्याचा बेत होता. मिस्त्री म्हणाले, "आरं, चालू झाली म्हंजे झालं न्हाई. थांबतीया का, ते बघ आदी."

गाडी थांबत नव्हती. पुढच्या ब्रेकची केबल गंजून आखडली होती, मागचे ब्रेक शू झिजून गुळगुळीत झाले होते. टायरची नक्षी शाबूत होती, पण कडेला भेगा होत्या. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '१८१६' म्हणजे २०१६ सालचा अठरावा आठवडा. जुनी गाडी घेणाऱ्याने हे आकडे जरूर वाचावेत. आम्ही केबल, शू, टायर-ट्यूब, चेन आणि बॅटरी नवी घातली. खर्च वाढला, आणखी दोन दिवस गेले. पण रंगरंगोटी राहू दे, ब्रेक-टायर आधी, हे आम्हाला पटले.

सांगलीकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ सालीही पूर आला. अशा पाण्यात बुडालेली गाडी कधीही किक मारून पाहू नये. आधी तेल काढून बघावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर इंजिनात पाणी गेले आहे असे समजावे आणि मिस्त्रीला बोलवावे.

आता आमची चूक सांगतो. गाडी तयार झाली आणि आम्ही भाच्याला म्हणालो, "कागदांचं मागनं बघू." गाडी दाजींच्याच नावावर, विमाही संपलेला. मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा, असा नियम आहे. त्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म असतो. आम्ही दोन वर्षे काहीच केले नव्हते. त्या स्थितीत वाटेत कुणाला धक्का लागला असता तर भरपाईचा बोजा आक्काच्या संसारावर आला असता.

हे बोलल्यावर आक्का रडली. "कागदावरनं बी त्यांचं नाव काढायचं व्हय?" असे तिने विचारले. आम्हाला उत्तर सुचेना. भाचाच म्हणाला, "आई, माझ्या नावावर नगं. तुझ्या नावावर करू." आक्का बराच वेळ बोलली नाही. मग मृत्यूचा दाखला तिने स्वतःच काढून दिला. लेकरांची संमती, अर्ज, उशिराचा दंड, नवा विमा, पीयूसी, सगळे साताऱ्याच्या कार्यालयात रीतसर झाले. भाचा तोवर चालतच कामावर जात होता.

आज गाडी मिरज-कुपवाड करते. दर रविवारी भाचा टायरची हवा, चेनचा ताण आणि तेलाची पातळी बघतो. पावसाळ्यात चेनला तेल वरचेवर देतो. हेल्मेट दोन घेतली आहेत, दुसरे आक्का येईल तेव्हासाठी. नोंदणीचे कार्ड त्याच्या मोबाइलमधल्या डिजिलॉकरमध्ये असते, ते पोलिसांना चालते. मूळ कार्ड आक्काच्या ट्रंकेत आहे. घर दाजींच्या नावावर, जमीन सासऱ्यांच्या. आक्काच्या नावावर झालेली ही पहिलीच वस्तू.

वाचकहो, तुमच्याही पडवीत अशी एखादी गाडी सतरंजीखाली उभी असेल. या रविवारी सतरंजी काढा. आधी कागद बघा, मग ब्रेक, आणि किक सर्वात शेवटी.