हातातले कसब आणि संगणक



आर.एम.एस.च्या जुन्या सॉर्टरला विचारा, अर्धवट पत्त्याचे पत्र नेमक्या खणात कसे पडते? तो म्हणेल, ‘हात जातो!’ असे कसब तोंडाने सांगता येत नाही, काम चालू असताना पाहूनच ते टिपावे लागते. माणसाच्या कामाची संगणकावर प्रतिकृती करणाऱ्यांना हवे असते ते हेच.

अमेरिकेतील नायनेक्स या टेलिफोन कंपनीला ऑपरेटरांसाठी नवी यंत्रे घ्यायची होती. कळा कमी, म्हणून कॉल लवकर आटपणार, असा हिशेब होता. ग्रे, जॉन आणि ॲटवुड या संशोधकांनी ऑपरेटरांच्या कामाच्या चित्रफिती क्षणाक्षणाने तपासून त्या कामाचा नमुना बांधला. ऑपरेटर बोलता-ऐकताच कळा दाबत असत, त्यामुळे तिथल्या कळा वाचून वेळ वाचत नव्हता. उलट एक कळ कॉलच्या शेवटी गेली, जिथे मोकळा क्षणच नव्हता. नवे यंत्र सुमारे ३ टक्के मंद ठरेल, असे भाकीत निघाले. प्रत्यक्ष चाचणीतही ते मंदच ठरले. १९९३ साली हे प्रसिद्ध झाले.

कंपनीचा तोटा टळला, कसब मात्र ऑपरेटरांचे होते. आणि त्याच चित्रफितींवरून उद्या प्रत्येकाच्या सेकंदांचा हिशेबही मागता येतो!

संगणकाला आमचा विरोध नाही (काही जुन्या मित्रांना हे रुचणार नाही). पण कॅमेरा लावण्यापूर्वी युनियनशी लेखी करार झाला पाहिजे. या नोंदी कपातीसाठी वापरता कामा नयेत, आणि नमुना बरोबर उतरला की नाही, हे ते काम करणाऱ्यालाच विचारले पाहिजे.