गाडी जगते, सॉफ्टवेअर मरतं

आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली, ८ एप्रिल २०१४ ला तिचा सपोर्ट संपला. विंडोज १० ची गादी तर १४ ऑक्टोबर २०२५ ला, दहा वर्षांतच, खालसा झाली. हिशोब सरळ आहे मंडळी: गाडी तिच्या डायग्नोस्टिक सॉफ्टवेअरपेक्षा जास्त जगते. म्हणून माझं ठाम मत आहे की जुनी गाडी सांभाळणाऱ्याने तिचं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये जपून ठेवावं. आणि तितकंच ठाम दुसरं मत: त्यातून गाडी वाचावी, गाडीत लिहू नये.

"अरे, मोबाईलवर ऍप आहे की!" असं म्हणणारा एक जण प्रत्येक हापिसात असतोच. खरं आहे त्याचं. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथ डोंगल खुपसला की इंजिनचे कोड दिसतात. पण ओबीडी-२ हे प्रमाण (अमेरिकेत १९९६ च्या मॉडेल्सपासून सक्तीचं) जन्मलं ते प्रदूषणाच्या नियमांतून. एबीएस, एअरबॅग, इमोबिलायझर यांच्याशी त्याला देणंघेणं नाही. तिथे प्रत्येक कंपनीची आपापली बोली!

माझ्या २०१० च्या गाडीचा एअरबॅगचा दिवा लागला तेव्हा ऍप म्हणे, सगळं आलबेल. एका वर्कशॉपने अख्खं मॉड्यूल बदलायला सांगितलं. व्हर्च्युअल मशीनमधल्या जुन्या सॉफ्टवेअरने दोन मिनिटांत दाखवलं, सीटखालच्या सर्किटचा रेझिस्टन्स जास्त आहे. नेहमीच्या गॅरेजवाल्याने बॅटरी काढून कनेक्टर नीट बसवला. संपलं. हजारो रुपयांचा आणि अपघातात फुग्याने उघडायचा प्रश्न होता, राव.

व्हर्च्युअल मशीनचा फायदा आपल्या धंद्यातल्यांना सांगायला नको. एकदा सगळं चालू झालं की स्नॅपशॉट घ्यायचा, नेटवर्क बंद करायचं आणि फाईलची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर टाकायची. लॅपटॉप बदला, लिनक्सवर जा, काही फरक पडत नाही. यूएसबी केबल तेवढी गेस्टच्या हवाली करायची. आणि स्वस्त केबलसोबतच्या सीडीत काय काय भरलंय देव जाणे! मूळ सॉफ्टवेअर विकत मिळत असेल तर तेच घ्या.

आता ते "लिहू नये" का? जुन्या गाड्यांची के-लाईन सेकंदाला १०,४०० बिट्सच्या गतीने बोलते आणि वेळेच्या बाबतीत भलतीच काटेकोर असते. साधारण ५ सेकंद निरोप आला नाही की ईसीयू फोन ठेवून देतो. त्यात अनेक केबल्समधली एफटीडीआय चिप मुळातच १६ मिलिसेकंद उशीर लावते (ड्रायव्हरमध्ये कमी करता येतो), वर होस्ट आणि गेस्टमधली देवाणघेवाण. वाचताना संपर्क तुटला तर पुन्हा जोडा, बिघडलं काहीच नाही. पण फ्लॅश करताना तुटला तर जुना प्रोग्राम पुसलेला, नवा अर्धवट... गाडी टो करूनच न्यायची! ते काम खऱ्या मशीनवर, बॅटरीला चार्जर लावून, जाणकाराकडूनच.

"म्हणजे हा जुगाडच की!" असं कोणी म्हणेल. हो, आहेच. खरा उपाय कंपन्यांच्या हातात आहे. मॉडेल बंद केलं, सॉफ्टवेअरला वाऱ्यावर सोडलं, तर निदान कोडची यादी तरी खुली करा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली मतदारांनी दुरुस्तीच्या माहितीचा हक्क मतदानाने मिळवला. गाडीचे पैसे आपण मोजायचे आणि तिला काय दुखतंय हे मात्र आपल्यालाच कळू नये, हे काही पटत नाही बुवा.

तोवर, जुना लॅपटॉप भंगारात द्यायच्या आधी एवढं करा: त्यातलं चालू सॉफ्टवेअर एका इमेजमध्ये उतरवून घ्या. रविवारची दुपार पुरते.