घातांची बेरीज धड्याच्या मध्यभागी हवी

आठवीच्या वर्गाला गणित शिकवताना मी एक उदाहरण हमखास घालतो : २ चा दुसरा घात अधिक २ चा उणे तिसरा घात. बऱ्याच वह्यांत उत्तर येते १/२. ‘पाया समान असेल तर घातांक मिळवा’ हा नियम मुलांनी चोख पाळलेला असतो. पण तो नियम गुणाकाराचा, आणि समोर आहे बेरीज.

‘दुसरा घात ४ झाला. त्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्धा कसे येईल?’ एवढे विचारले की वर्ग थबकतो. मग फळ्यावर ८, ४, २, १ लिहायचे. घातांक एकाने उतरला की संख्या निम्मी होते. तसेच खाली गेले की १/२, १/४, १/८. म्हणजे २ चा उणे तिसरा घात ऋण नाही, तो फक्त लहान आहे. आता ४ चे ३२/८ करा, त्यात १/८ मिळवा. उत्तर ३३/८. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’तली समच्छेदाची रीत इथे तशीच कामी येते.

२०.०५ ही साधी संख्याही अशीच बेरीज आहे. १० चा पहिला घात दोनदा, उणे दुसरा घात पाचदा; छेद १०० घेतला की २००५/१००. दशांश चिन्हामागे दडलेले हे गणित मुलांना दाखवायलाच हवे.

म्हणून माझा आग्रह आहे, की ही उदाहरणे धड्याच्या शेवटी तोंडी लावण्यापुरती नसावीत. सरावात गुणाकार-भागाकारच भरलेले असले, की मूल चिन्ह न पाहता वरचे आकडे मिळवू लागते. प्रत्येक गुणाकाराशेजारी त्याच संख्यांची बेरीज द्या. समच्छेद केल्याच्या पायरीला स्वतंत्र गुण द्या.

अभ्यासक्रम उरकायचा असतो, ही सहकाऱ्यांची अडचण खरी आहे. पण विज्ञानाच्या तासाला १० च्या वेगवेगळ्या घातांतली मापे मिळवायची वेळ आली, की हीच चूक पुन्हा डोके वर काढते आणि तेव्हा ती सुधारायला जास्त वेळ जातो.

येत्या चाचणीत एवढेच विचारून पाहा : ५ चा पहिला घात अधिक ५ चा उणे पहिला घात. उत्तर ५ हून मोठे की लहान, ते का, हे आधी एका वाक्यात लिहा. मग समच्छेद करून २६/५ पर्यंत या. त्या एका वाक्यालाही गुण ठेवा.