जिभेचा लगाम कोणाच्या हाती?

सन २०२५ च्या मार्च महिन्याच्या १७ तारखेस नागपुरात दंगल उसळली. औरंगजेबाच्या थडग्यावरून दिवसा निदर्शने झाली, मागोमाग एक अफवा तोंडोतोंडी फिरली, आणि सायंकाळी महालात दगड चालू लागले. पुढे कित्येक दिवस संचारबंदी होती. हिंगण्यासारख्या शेजारच्या गावी ज्यांची मुले रोज शहरात जा-ये करतात, त्यांना ‘नुसत्या शब्दाने काय होते?’ असे विचारण्याची सोय तेव्हापासून उरलेली नाही.

अशा प्रसंगी दोन पक्ष तावातावाने पुढे येतात. वाणीस कसलेच बंधन नको, असे एक म्हणतो. दुसरा म्हणतो, कायदे आणखी कडक करा. आमच्या मते दोघेही चुकतात.

जमावापुढे उभा राहून ‘अमक्याचे घर जाळा’ असे सांगणारा मनुष्य मत मांडीत नसतो. तो काडी पुरवीत असतो. त्यास विचारस्वातंत्र्याचा आश्रय देणे म्हणजे विचाराचाच अपमान होय. १९५१ च्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्यास चिथावणी ही दोन कारणे मर्यादांत घातली. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन भिन्न गोष्टी असून कायद्याचा हात तिसरीपाशीच पोहोचावा, असा निवाडा २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. ही रेषा आम्हांस मान्य आहे.

परंतु ती पुसट झाली की काय होते, हे महाराष्ट्राइतके कोणास ठाऊक असणार? १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ पंचांस समजावून दिला. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले व अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढल्याच वर्षी कायदा अधिक रुंद झाला, आणि वर्गावर्गांत वैर पसरविण्याचे १५३-अ हे कलमही तेव्हाच जन्मास आले. आज तेच २०२३ च्या न्यायसंहितेत १९६ हा आकडा लावून नांदत आहे. तेव्हा कलमांचा तुटवडा आहे, असे कोणी सांगू नये.

तुटवडा आहे तो ती निःपक्षपातीपणे चालविणाऱ्या हाताचा. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींत सुमारे नऊशे माणसे मेली. वृत्तपत्री लिखाणाने त्या आगीस वारा घातला, हे श्रीकृष्ण आयोगाने नमूद केले. त्या काळच्या ‘सामना’तील अग्रलेखांसाठी बाळ ठाकरे यांना अटक झाली ती जुलै २००० मध्ये, आणि मुदत टळून गेल्याच्या कारणाने दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण तेथेच निकालात काढले. लेख दोषी की निर्दोष, हा प्रश्न न्यायासनापुढे तपासलाच गेला नाही. सात वर्षांत निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली नि गेली; दोष एकट्याच्या माथी मारता येत नाही.

मर्म येथे आहे. या कलमाखाली न्यायालयास दखल घेण्यापूर्वी सरकारची संमती लागते. गुन्हा नोंदविण्यास आणि अटक करण्यास मात्र ती लागत नाही. परिणाम असा की, सामान्य माणूस एका ओळीपायी कोठडी पाहतो, आणि ज्याच्यामागे जमाव आहे त्याचे कागद मंत्रालयात पडून राहतात. लगाम आहे, पण तो पकडणाराच कित्येकदा घोड्यावर बसलेला असतो!

संमतीची अटच काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. तसे केल्यास कोणीही रुसलेला मनुष्य लेखकास गावोगावच्या कचेऱ्यांतून फरफटत नेईल. आमचे मागणे एवढेच की, संमतीचा निर्णय ठरलेल्या मुदतीत व्हावा, होकार असो वा नकार, त्याची कारणे लेखी प्रसिद्ध व्हावीत. आणि सरकार गप्प बसल्यास न्यायालयास पुढे जाण्याची मोकळीक असावी.

आपल्या विरुद्ध पक्षाच्या चिथावणीवर संतापणे सोपे आहे. आपल्याच वक्त्याने आग ओकली असता टाळ्या न वाजविता उठून जाणे कठीण. कायद्याकडून निःपक्षपाताची अपेक्षा करणाऱ्या सुशिक्षितांनी ही परीक्षा प्रथम स्वतः द्यावी.