विश्लेषण : यादी नको, नकाशा हवा! डिजिटल नोंदी ‘मोकळ्या फळ्या’वर मांडण्याचे प्रयोग का वाढत आहेत?

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या खोलीत डोकावले, की भिंतीवर नकाशे, रंगीत चिठ्ठ्या आणि बाणांनी जोडलेले तक्ते दिसतात. ‘पंचायतराज दाराशेजारी, अर्थसंकल्प खिडकीखाली’ अशी त्याची आठवण जागेला बांधलेली असते. त्याच विद्यार्थ्याच्या मोबाइलमधील नोट्स मात्र एकाखाली एक, तारखेनुसार लागलेल्या यादीत असतात. महिन्यापूर्वी लिहिलेले टिपण नेमके कुठे आहे, हे आठवत नाही, शोधावे लागते. नोंदी पुन्हा ‘भिंतीवर’ आणता येतील का, या प्रश्नावर जगभरातील सॉफ्टवेअर कंपन्या आणि संशोधक प्रयोग करत आहेत. या प्रयोगांतून काय साधले, काय फसले आणि वापरकर्त्याने कशाची काळजी घ्यावी, याविषयी…

अवकाशीय नोंदी म्हणजे काय?

नेहमीच्या नोट्स अॅपमध्ये फोल्डर, शीर्षक आणि यादी अशी रचना असते. अवकाशीय नोंदींमध्ये त्याऐवजी एक मोकळा फळा मिळतो. त्यावर मजकुराचे कार्ड, छायाचित्र, पीडीएफ, संकेतस्थळाचा दुवा हवे तिथे ठेवता येते. दोन कार्डांमध्ये रेघ ओढता येते, काही कार्डांभोवती चौकट आखता येते. दोन बोटांनी दूर गेले की संपूर्ण फळा दिसतो, जवळ आले की एकेक कार्ड वाचता येते. फळ्याला कडा नसतात, म्हणून त्याला ‘अमर्याद कॅनव्हास’ म्हटले जाते. इथे नोंदीत काय लिहिले आहे याइतकेच ती कुठे ठेवली आहे यालाही महत्त्व असते.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एमआयटीमध्ये निकोलस निग्रोपाँटे आणि रिचर्ड बोल्ट यांच्या गटाने ‘डेटालँड’ हा प्रयोग केला. एका खोलीत भिंतीएवढा पडदा, समोर खुर्ची आणि खुर्चीच्या हातांमध्ये जॉयस्टिक. माहिती फाइलच्या नावाने शोधण्याऐवजी ‘त्या कोपऱ्यात ठेवली होती’ अशा आठवणीने शोधायची, हा त्यामागील विचार. प्राचीन ग्रीसमधील वक्ते भाषणातील मुद्दे मनातल्या मनात एखाद्या घराच्या दालनांमध्ये ‘ठेवत’ आणि बोलताना त्या दालनांतून फिरत, असे सांगितले जाते. डेटालँडची प्रेरणा हीच होती.

त्यानंतर झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात ‘नोटकार्ड्स’ ही प्रणाली आली, १९९०च्या दशकात ‘पॅड’ आणि ‘पॅड प्लस प्लस’ या झूम करता येणाऱ्या पृष्ठभागांचे प्रयोग झाले. म्हणजे कल्पना जुनीच आहे. मोठे स्पर्शपडदे, वेगवान चिप आणि करोनाकाळातील घरून काम यांमुळे ती आता सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचली आहे.

जागेमुळे लक्षात राहते, याला आधार काय?

मेंदूत ठिकाणाची नोंद ठेवणाऱ्या पेशी असतात, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये दाखवले. या संशोधनासाठी त्यांना आणि मे-ब्रिट व एडवर्ड मोझर यांना २०१४ चे नोबेल मिळाले. मात्र प्रत्यक्ष ठिकाणी फिरणे आणि पडद्यावरचे कार्ड शोधणे यात फरक आहे. म्हणून इंटरफेसवर झालेले प्रयोग अधिक महत्त्वाचे ठरतात.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी १९९८ मध्ये ‘डेटा माउंटन’ हा प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागींना १०० वेबपानांची छोटी चित्रे तिरप्या पृष्ठभागावर आपल्या मर्जीने मांडायला सांगितले गेले. नंतर ती शोधताना त्यांना त्या काळच्या इंटरनेट एक्सप्लोररमधील ‘फेव्हरिट्स’च्या यादीपेक्षा कमी वेळ लागला आणि चुकाही कमी झाल्या. काही महिन्यांनी त्याच लोकांना पुन्हा बोलावले, तेव्हाही त्यांना जागा बऱ्यापैकी आठवत होत्या. यातील कळीचा मुद्दा असा, की मांडणी सहभागींनी स्वतः केली होती; संगणकाने लावून दिलेली नव्हती.

मग हेडसेट लावून त्रिमितीत नोंदी ठेवल्या तर?

अॅपलने फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलर किमतीचा ‘व्हिजन प्रो’ विक्रीला आणल्यापासून ‘खोलीभर तरंगणाऱ्या नोट्स’ची चर्चा वाढली. पण संशोधन इथे सावध करते. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाच्या अँडी कॉकबर्न आणि ब्रूस मॅकेंझी यांनी २००२ मध्ये सपाट, तिरपी आणि पूर्ण त्रिमितीय अशा मांडण्यांची तुलना केली. ती पडद्यावर केली, तशीच प्रत्यक्ष वस्तू वापरूनही केली. तिसऱ्या मितीचे स्वातंत्र्य जसे वाढले, तशी सहभागींची कामगिरी घसरली आणि त्यांना मांडणी अधिक गजबजलेली वाटली. कारण साधे आहे. टेबलावर पसरलेले कागद एका नजरेत दिसतात. एकामागे एक टांगलेले कागद एकमेकांना झाकतात. जागेची आठवण मदत करते याचा अर्थ जास्त मिती म्हणजे जास्त मदत, असा होत नाही.

नाव न देता ठेवण्याची मुभा का महत्त्वाची?

फोल्डरमध्ये नोंद ठेवायची तर आधी ठरवावे लागते, की ती कशात बसते. ‘दुष्काळ’ हे टिपण भूगोलात ठेवायचे, शेतीत की अर्थव्यवस्थेत? विचार अजून तयार होत असतो तेव्हा याचे उत्तर नसते. थॉमस मेलोन यांनी १९८३ मध्ये कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या टेबलांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की फाइलला लावण्याआधी कागदांचे ढीग राहतात ते केवळ आळसामुळे नव्हे. वर्गवारी करणे अवघड असते म्हणून, आणि समोर दिसणारा ढीग ‘हे काम बाकी आहे’ याची आठवण करून देतो म्हणूनही ते राहतात.

कॅथरिन मार्शल आणि फ्रँक शिपमन यांनी १९९०च्या दशकात ‘व्हिकी’ या प्रणालीत हाच धागा पकडला. लोकांना दोन नोंदींमधील नाते नेमके काय, हे लगेच सांगायला लावले तर ते गोंधळतात किंवा टाळाटाळ करतात. पण ‘ही दोन शेजारी ठेव’ हे ते सहज करतात. शेजार, अंतर, रांग, ढीग हे सगळे अर्धवट अर्थ असतात आणि विचार पक्का होईपर्यंत तेवढे पुरतात. अवकाशीय नोंदींची खरी ताकद स्मरणापेक्षाही इथे आहे, असे म्हणता येईल.

सध्या कोणते प्रयोग सुरू आहेत?

अॅपलने ‘फ्रीफॉर्म’ आणि ऑब्सिडियनने ‘कॅनव्हास’, दोन्ही डिसेंबर २०२२ मध्ये वापरकर्त्यांसमोर आले. ऑब्सिडियनमध्ये फळ्यावरचे कार्ड ही स्वतंत्र फाइल असू शकते. फळा काढून टाकला तरी टिपण राहते. ‘हेप्टाबेस’ या अॅपमध्ये एकच कार्ड अनेक फळ्यांवर ठेवता येते. त्यामुळे ‘दुष्काळ’ एकाच वेळी भूगोलातही राहतो आणि अर्थव्यवस्थेतही. ‘इंक अँड स्विच’ या स्वतंत्र संशोधन प्रयोगशाळेतून पुढे आलेल्या ‘म्यूझ’ने फळ्याच्या आत फळा अशी रचना केली, झूम करत आत शिरायचे आणि बाहेर यायचे. ‘एक्सकॅलिड्रॉ’ने मुद्दाम हाताने काढल्यासारख्या वेड्यावाकड्या रेषा ठेवल्या आहेत. रेखाटन कच्चे दिसले की ते बदलायला हात आखडत नाही.

सर्वात धाडसी प्रयोग बहुधा ‘डायनॅमिकलँड’चा. ब्रेट व्हिक्टर यांच्या या प्रकल्पात पडदाच नाही. खोलीतील छतावरचे कॅमेरे टेबलावरचे कागद ओळखतात आणि प्रोजेक्टर त्या कागदांवर माहिती उमटवतात. फळ्याची नक्कल संगणकात करण्याऐवजी संगणकच टेबलावर आणायचा, असा हा उलटा प्रवास आहे.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण पडद्याच्या आकाराची. भारतात बहुतेकांसाठी संगणक म्हणजे मोबाइल. सहा-सात इंची पडद्यावर मोठा फळा पाहणे म्हणजे किल्लीच्या छिद्रातून खोली पाहणे. पूर्ण फळा दिसतो तेव्हा अक्षरे वाचता येत नाहीत, आणि अक्षरे वाचता येतात तेव्हा शेजारी काय आहे ते दिसत नाही. म्हणजे जागेचा फायदा ज्या विहंगम दृश्यातून मिळतो, तेच मोबाइलवर हरवते. यातील बरीच अॅप मोठा पडदा आणि पेन गृहीत धरून बनलेली आहेत.

दुसरी अडचण हरवण्याची. सुझान जुल आणि जॉर्ज फर्नास यांनी १९९८ मध्ये तिला ‘वाळवंटातील धुके’ असे नाव दिले. झूम करता करता वापरकर्ता अशा कोऱ्या जागी पोहोचतो, की कुठे जायचे याची एकही खूण उरत नाही. ‘सर्व काही दाखवा’ असे बटण किंवा कोपऱ्यातील छोटा नकाशा हे त्यावरचे उपाय आहेत.

तिसरी अडचण वाढीची. ५० कार्डांचा फळा डोक्यात राहतो; दोन हजारांचा राहत नाही. तेव्हा शोधाची चौकट आणि यादी पुन्हा लागतेच. म्हणून आता अनेक अॅप फळा आणि यादी अशी दोन्ही दृश्ये देतात.

चौथी अडचण सर्वात कमी चर्चिली जाते. दृष्टिहीन वापरकर्त्याचे स्क्रीन रीडर मजकूर एका क्रमाने वाचते. फळ्यावर क्रमच नसतो. ‘शेजारी ठेवले म्हणजे संबंधित’ हा अर्थ फक्त डोळ्यांना कळतो. एखाद्या कार्यालयाने किंवा महाविद्यालयाने सगळे काम फळ्यावर नेले, तर असा सहकारी किंवा विद्यार्थी चर्चेबाहेर पडू शकतो. यादी कंटाळवाणी असेल, पण ती सर्वांना वाचता येते.

कंपनी बंद पडली तर नोंदींचे काय?

गुगलचा ‘जॅमबोर्ड’ हे यातले ठळक उदाहरण. करोनाकाळात अनेक शिक्षकांनी ऑनलाइन वर्गांसाठी तो वापरला. सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने तो बंद करण्याची घोषणा केली. १ ऑक्टोबर २०२४ पासून फळे फक्त पाहता येऊ लागले आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी अॅप बंद झाले. फळे दुसऱ्या कंपन्यांच्या सेवांमध्ये हलवण्याचा किंवा पीडीएफ म्हणून जपण्याचा पर्याय होता. पण पीडीएफ हा फळ्याचा फोटो असतो. त्यातील चिठ्ठी उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. ‘म्यूझ’चा मूळ चमूही २०२३ मध्ये बाजूला झाला आणि अॅपची धुरा एकाच विकसकाकडे गेली.

साध्या मजकुराची फाइल कोणत्याही संगणकावर उघडते. फळ्यावरील अर्थ मात्र कार्डांच्या जागांमध्ये असतो आणि प्रत्येक अॅप त्या आपल्या पद्धतीने साठवते. मजकूर वाचला तरी मांडणी गेली, तर निम्मा विचार गेला. यावर उपाय म्हणून ऑब्सिडियनने मार्च २०२४ मध्ये ‘जेसन कॅनव्हास’ हा खुला आराखडा जाहीर केला. त्यात प्रत्येक कार्डाची आडवी-उभी जागा, रुंदी, उंची आणि कार्डांना जोडणाऱ्या रेघा साध्या मजकुरात लिहिलेल्या असतात. दुसरे अॅपही हा आराखडा वापरू शकते. मात्र तो किती कंपन्या स्वीकारतात, यावर त्याचे मोल ठरेल. ग्राहक टिकवण्यासाठी कुंपण सोयीचे असते, हे सर्वच कंपन्या जाणतात.

एआयने मांडणी करून दिली तर?

ही दिशा स्पष्ट दिसते. ‘टीएलड्रॉ’ने नोव्हेंबर २०२३ मध्ये फळ्यावरील कच्च्या रेखाटनातून एआयच्या मदतीने चालते वेबपान तयार करून दाखवले. गुगलचे ‘नोटबुकएलएम’ २०२५ पासून दिलेल्या कागदपत्रांचा माइंड मॅप आपोआप काढते. वेळ वाचतो, यात शंका नाही. पण स्वतः तयार केलेली गोष्ट आयत्या मिळालेल्या गोष्टीपेक्षा जास्त लक्षात राहते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच प्रयोगांनी दाखवले होते. ‘डेटा माउंटन’मध्येही पाने हाताने ठेवली गेली होती. एखादे कार्ड कुठे ठेवावे यावर घालवलेला अर्धा मिनिट हा वाया गेलेला वेळ नसून तोच अभ्यास असतो. आयता नकाशा दुसऱ्याच्या घरात सामान शोधण्यासारखा ठरू शकतो.

वापरकर्त्याने काय पाहावे?

कच्चा विचार जुळवायचा असेल, निबंधाचे किंवा प्रकल्पाचे मुद्दे पसरून पाहायचे असतील, तर फळा उपयुक्त आहे. तारखा, पत्ते, हिशेब यांना यादीच बरी. अॅप निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात : नोंदी स्वतःच्या उपकरणावर राहतात की फक्त कंपनीच्या सर्व्हरवर, बाहेर काढताना मांडणीही सोबत येते की फक्त फोटो, आणि फळ्यावरचा मजकूर यादीच्या रूपातही वाचता येतो का. वर्षभराचा अभ्यास चढवण्याआधी दहा कार्डांचा फळा बनवून तो बाहेर काढून पाहावा. अॅपची जाहिरात जे सांगत नाही, ते या पाच मिनिटांत कळते. भिंतीवरच्या चिठ्ठ्यांचे एक बरे असते. कंपनी बंद पडली म्हणून त्या भिंतीवरून नाहीशा होत नाहीत.